तलाव भरतो तो वरच्या उतारावर

पाऊस कमी झाला म्हणून तलाव भरला नाही, असं भंडारा-गोंदियात पुढाऱ्यापासून पाणी सोडणाऱ्या माणसापर्यंत सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. इथला सरासरी पाऊस बाराशे मिलिमीटरच्या पुढे. त्याचा चौथा हिस्सा तुटला, तरी उरतो तो मराठवाड्याच्या सरासरीपेक्षा जास्त. मग धान निसवायच्या वेळी मामा तलावात पाणी का नसतं?

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधत आणलेले. पूर्व विदर्भात सात हजारांच्या घरात. पाळ कुठे घालायची हे त्या लोकांनी वरचा उतार पाहून ठरवलं. जंगलातलं पाणी पहिल्या तलावात यायचं, त्याच्या सांडव्यावरून खालच्यात. मालगुजारी ही महसूल वसुलीची पद्धत 1951 साली संपली, तलाव सरकारजमा झाले. सरकारने पाळ आणि बुडीत क्षेत्र सांभाळलं (सांभाळलं म्हणणंही धाडसाचंच), उताराकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

तिथलं झुडपी जंगल तुटत गेलं आणि धानाच्या बांध्या झाल्या. बांधी असतेच पाणी अडवायला. भरपूर पावसाच्या वर्षी बांध्या भरून वाहतात, तलावही भरतो, आणि काही बिघडलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तुटीच्या वर्षी पाणी बांध्यांतच मुरतं, खाली सुटतच नाही. नुकसान झालेलं असतं वीस-तीस वर्षांत, दिसतं एका दुष्काळात. म्हणून बोल पावसाला लागतो.

झाडोरा गेलेल्या जमिनीची माती तलावात येऊन बसते. तलाव उथळ होतो, पसरट पाणी उन्हाने लवकर उडतं. आटलेल्या बुडितात मग कुणीतरी पेरतो, आणि पुढच्या वर्षी पाणी चढू नये असं त्यालाच वाटू लागतं. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. दोन एकरांवर घर चालवणारा माणूस आणखी अर्धा एकर शोधणारच. पण त्याच पाण्यावर खालचा शेतकरी धान पिकवतो आणि ढिवर समाजाचा माणूस मासे धरतो, त्यांनी कुठे जायचं?

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 साली आली. गाळ काढायलाच हवा, शेतातही तो कामी येतो. पण गाळ काढल्याने तलावात मावणारं पाणी वाढतं, तलावात येणारं नाही. येवा वरच अडला असेल, तर खोल केलेला तलावही रिकामाच राहील.

तेव्हा 1 मेच्या ग्रामसभेत जेसीबीची मागणी करण्याआधी एक ठराव मांडा: तलावाच्या संपूर्ण पाणलोटाची मोजणी करा, वरून येणारे नाले नकाशावर घ्या आणि ते मोकळे ठेवा. गाळाचं त्यानंतर बघू.