रजेचा अर्ज आणि बंदूक

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर आग भडकली. ती विझवताना दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमनाचे अनेक जवान-कर्मचारी मृत्युमुखी पडले. आगरगावसारखी गावे रातोरात रिकामी करावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव शिवारात, त्याच भांडाराच्या जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले मजूर होते. जे वाचले, त्यांची नोकरी मात्र त्याच कुंपणाआड होती. त्यांची झोप उडाली का, हे कोणी विचारले?

सैनिकाचा ताण म्हटले की आपल्याला सियाचीन आठवते. स्फोटकांच्या शेजारी वर्षानुवर्षे पहारा देणाऱ्याचा ताण वर्धेकरांनाही दिसत नाही. सैनिकाच्या ताणाचा मोठा भाग गोळीबारातून येतच नाही. जानेवारी २०२१मध्ये युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या संरक्षणविषयक अभ्याससंस्थेच्या पाहणीने निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली असल्याचे म्हटले. नमुना तोकडा असल्याचे सांगून लष्कराने ती पाहणी नाकारली. आकड्यावर वाद घालता येईल. पण तिच्यात नोंदवलेली कारणे प्रत्येक पलटणीला ठाऊक आहेत: नाकारलेली रजा, घरची भांडणे, वरिष्ठांकडून होणारा अपमान.

ही कारणे दूर करणे कमांडिंग ऑफिसरच्या हातात असते. वार्षिक ६० आणि नैमित्तिक ३० दिवसांची रजा कागदावर आहे. गावाकडे जमिनीचा तंटा उभा राहिला, बायको आजारी पडली, तर ही रजा त्याच आठवड्यात मिळायला हवी. रोलकॉलला हजेरीपलीकडे जवानाचा चेहरा वाचणारा अधिकारी आणि सोबत्याची खबर वेळेवर देणारा ‘बडी’ म्हणजे जोडीदार जवान, ही पहिली फळी. समुपदेशक त्यानंतर येतो. तोही बहुतेकदा नकोसा वाटतो, कारण मानसिक उपचाराची नोंद झाली की वैद्यकीय श्रेणी घसरेल आणि बढती अडेल, अशी जवानाला धास्ती असते. ही धास्ती अनाठायी नाही.

म्हणून आमची मागणी थेट आहे. समुपदेशनाच्या पहिल्या भेटींची नोंद सेवापुस्तकात जाऊ नये. रजेचे किती अर्ज फेटाळले आणि का, हे कमांडिंग ऑफिसरच्या मूल्यमापनात धरले जावे. मोठ्या दुर्घटनेनंतर सर्वांची, कंत्राटी मजुरांसह, वर्षभर मानसिक तपासणी व्हावी. सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालये याच जिल्ह्यात आहेत. भांडाराने त्यांच्याशी तसा करार करावा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा.