चोवीसपैकी सहा ओळी

जर्मन विडंबनकार यान ब्योमरमान यांची तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यावरची कविता चांगली नव्हती. ती शिवराळ होती, बीभत्स होती आणि तशीच व्हावी याची काळजी त्यांनी पुरेपूर घेतली होती. एर्दोगान यांना ती झोंबली यातही नवल नाही. पण जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ब्योमरमान यांची तक्रार ज्या थाटात वाटेला लावली, तो थाट सहन होण्यासारखा नाही. यश मिळण्याची शक्यता नाही म्हणून दाखल करून घेत नाही, अधिक कारणे देत नाही. संपले! सहा वर्षांच्या वादावर एक धड परिच्छेदही नाही. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने ओढलेली लाल रेघ आता कायमची.

ही रेघ खरोखरच लाल आहे. २०१६ च्या मनाई हुकुमाला न्यायालयाने अख्खी कविता जोडली आणि त्यातल्या निषिद्ध ओळी लाल केल्या. चोवीसपैकी सहा ओळींना परवानगी, बाकी अठरा बाद. जे कोणी उच्चारू नये ते न्यायालयाने स्वतःच छापून वाटले! निबंधाच्या वहीवर मास्तरही लाल शाई फिरवतात; पण ते अडीच लाख युरोंच्या दंडाची भीती घालत नाहीत. ओळी अशा सुट्या सोलून काढल्यावर विडंबन उरते कुठे?

२०१८ मध्ये हॅम्बुर्गच्याच वरिष्ठ न्यायालयाने ही मनाई उचलून धरली. त्या पीठाचे प्रमुख आंद्रेआस बुस्के. हे नाव जर्मन संपादकांना नवे नाही. आधी कनिष्ठ न्यायालयाच्या वृत्तपत्रविषयक पीठाचे प्रमुख, मग वरच्या न्यायालयातल्या तशाच पीठाचे. एकच विषय, एकच शहर. शुक्रवारी तिथे सुनावण्या लागत. टीकाकारांनी त्यांच्या नावावरून ‘बुस्केइस्मुस’ असा शब्दच पाडला. तत्कालीन चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर केस रंगवतात असे सुचवायलाही २००२ मध्ये बंदी आली, ती हॅम्बुर्गमधूनच. वाचकांच्या मजकुराचा भार प्रकाशकाच्या डोक्यावर टाकणारा २००५ चा निकाल बुस्के यांच्या पीठाचा. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाला तो सौम्य करावा लागला.

बुस्के विद्वान नाहीत, असे कोणी म्हणत नाही. प्रतिष्ठा जपणे हेही न्यायालयाचे काम आहे, हे मान्य. पण न्यायाधीश फिर्यादीने निवडायचा नसतो! जर्मन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२ व्या कलमानुसार जिथे आगळीक घडली तिथे दावा लावता येतो आणि वृत्तपत्र तर देशभर विकले जाते. याला तिथले वकील ‘उडते न्यायक्षेत्र’ म्हणतात. ते उडते आणि नेमके हॅम्बुर्गला उतरते. म्युनिकचा माणूस म्युनिकच्या मासिकाविरुद्ध एल्ब नदीकाठी दाद मागतो, कारण तिथे मिळते हे त्याला ठाऊक असते. न्यायाधीश फिर्यादीने निवडायचा नसतो, हे पुन्हा सांगावे लागते ते यासाठी.

त्यातही कहर म्हणजे, दुसऱ्या बाजूला न विचारता हुकूम निघत. संपादकाला बातमी कळे ती हुकूम हाती पडल्यावर. असे चालणार नाही, हे सप्टेंबर २०१८ मध्ये याच घटनात्मक न्यायालयाला बजावावे लागले. मग या वेळी तोंडाला कुलूप का?

तुर्कस्तानात पत्रकार तुरुंगात गेले की बर्लिनला कंठ फुटतो. तिथे डांबलेल्या पत्रकार डेनिझ युजेलसाठी तो फुटला, योग्यच झाले. पण त्याच तुर्कस्तानच्या अध्यक्षांना हवे ते बरेचसे हॅम्बुर्गने दिले. परकीय राष्ट्रप्रमुखांच्या अवमानाचे १०३ वे कलम संसदेने मोठ्या दिमाखात रद्द केले, २०१८ च्या पहिल्या दिवसापासून. ब्योमरमान यांची फौजदारी चौकशी तर त्याआधीच बंद झाली होती. फौजदारी दाराला टाळे लागले, दिवाणी दार सताड उघडे राहिले.

त्या उडत्या न्यायक्षेत्राचे पंख छाटता येत नाहीत, असेही नाही. व्यापारी स्पर्धेच्या ऑनलाइन खटल्यांत ते २०२० मध्ये छाटले गेले, कारण छोटे दुकानदार दूरच्या न्यायालयांत खेचले जात होते. दुकानदारांची कणव येणाऱ्या संसदेला संपादकांची का येऊ नये?