वाशीचा पाला आणि गाईचे कोटीपोट



भायखळ्याचा भाजीबाजार १९९६ साली वाशीच्या मार्केट यार्डात आला. तिथे पहाटे कोबी-फ्लॉवरच्या पाल्याचे ढीग पाहून आपल्यापैकी कुणाला गोठा आठवत नाही? गेल्या हिवाळ्यात असाच एक ओळखीचा शेतकरी तिथे भेटला. फ्लॉवरचा भाव पडलेला, गाडीभाडेही सुटले नव्हते. म्हणाला, "साहेब, परतीच्या टेम्पोत हा पाला नेऊ का? गाईंना तरी होईल." मी म्हणालो, "न्या की!" कसा घालायचा ते मात्र सांगितले नाही. चूक माझीच. दुसऱ्या रात्री त्याच्या कारभारणीचा फोन आला. गाईची डावी भकाळी ढोलासारखी फुगली होती. डॉक्टर वेळेवर पोचले म्हणून गाय वाचली. दूध मात्र कितीतरी दिवस वर आले नाही.

असे का व्हावे? चारा गाय खाते, पण तो पचवतात तिच्या कोटीपोटातले असंख्य सूक्ष्म जंतू. कडब्यातला राठ धागा तुमच्या-आमच्या पोटाला पचत नाही. हे जंतू तो सावकाश आंबवून फोडतात. त्यातून निघणाऱ्या आम्लांवरच गाईची ताकद आणि दुधातले फॅट. वायूही होतो, तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. राठ चारा असला की गाय निवांत बसून रवंथ करते आणि दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते. त्या लाळेत सोडा असतो, तो पोटातला आंबटपणा मारतो.

फ्लॉवरच्या पाल्यात दहातले नऊ भाग पाणी, धागा थोडा. भसकन आंबतो. रवंथ कमी, म्हणून लाळ कमी. फेस धरतो आणि ढेकर अडकते.

म्हणून पाला टाकून द्यावा का? मुळीच नाही. आधी कडबा खाऊ द्या, मग पसरून सुकवलेला पाला, पहिल्या दिवशी दोन-तीन किलोच. नव्या चाऱ्याला जंतू सरावायला दोन-तीन आठवडे लागतात. कुजका किंवा नुकत्या फवारणीचा पाला नकोच. भकाळी फुगलीच तर चारा बंद, पुढचे पाय उंचावर आणि डॉक्टरांना निरोप. सकाळची वाट पाहू नका.

आणखी एक. बाजारच्या पाल्यात प्लॅस्टिक, सुतळी, रबरबँड असतातच. प्लॅस्टिक आणि रबर गाईच्या पोटात पचत नाही. त्या शेतकऱ्याची आई आता मेथी निवडावी तसा पाला निवडते. परवा तिने मला दोन मुठी रबरबँड दाखवले.