बाबा दोनदा खाकरला

५ एप्रिल २०२० आठवतोय? रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे लावायचे होते. त्या दुपारी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला. तारीख ५, महिना ४, बेरीज ९. वाजणार ९. मिनिटं ९. मग नऊ म्हणजे मंगळ, मंगळ म्हणजे अग्नी, अग्नी म्हणजे विषाणूचा नाश, अशी गाडी सुसाट सुटलेली. मी अमरावतीत घरात कोंडलेला. कबूल करतो, बेरीज करून पाहिली तेव्हा अंगावर बारीकसा काटा आला. खरंच की हो, नऊच येतात! मेसेज दोघांना पुढे पाठवला. हसत हसत पाठवला, पण पाठवला.

आणि आठवला आमचा अकोल्याचा मामा.

मामा आकडा लावायचा. मटका हो. मी सातवी-आठवीत असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत बडनेऱ्याहून पॅसेंजरनं आजोळी जायचो. मामाच्या घराजवळ एक बंद पडलेलं जिन होतं आणि त्याच्या भिंतीला टेकून एक माणूस बसायचा. वेडा की अवलिया, यावर गल्लीत एकमत नव्हतं. बोलायचा क्वचितच. पण सकाळी त्याच्यासमोर पाच-सहा जण उकिडवे बसलेले असत. बाबानं काहीतरी करावं म्हणून. काहीही. मामा मला सोबत न्यायचा, लहान पोराच्या डोळ्याला जास्त दिसतं म्हणे.

एक दिवस बाबा दोनदा खाकरला आणि हातातला चहा त्यानं ओतून दिला.

"दुरी!" एक जण म्हणाला.

"अबे, चहा सांडला ना. गिलास खाली झाला. शून्य येते आज."

मामा बराच वेळ गप्प. मग हळूच मला विचारलं, "तो खाकरला तवा त्याचे डोये कोठी होते रे?"

मी पाहिलंच नव्हतं. पण मामा इतक्या आशेनं बघत होता की मी म्हटलं, खांबाकडे. विजेच्या खांबावर ७ लिहिलेला होता. मामानं सत्त्यावर पन्नास रुपये लावले.

आला चौका.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता बाबाचं काही खरं नाही. पण तिथे कुणी चिडलेलंच नाही! सगळे आपापल्या कपाळावर हात मारत होते. दोनदा खाकरला, दोन दुणे चार. इतकं सरळ होतं! "बावानं त सांगतलं होतं, आपल्यालेच समजलं नाही."

हे वाक्य मी त्यानंतर कितीदा ऐकलं असेल. चूक बाबाची कधी नसायची. त्यानं काही सांगितलंच नव्हतं, तर चुकणार कसा? अर्थ यांनी लावलेला, म्हणून चूकही यांचीच. बरं, पाच जण पाच वेगळे आकडे लावणार, त्यातला एखादा अधूनमधून लागणारच. मग तो गडी वर्षभर ती गोष्ट सांगत फिरणार. बाकीचे चौघे कशाला सांगतील? आकडे दहा आणि लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावला तरी एक रुपया गेलाच. हा हिशेब मामाला येत होता. तो कॉमर्सचा होता!

गंमत म्हणजे हा खेळ मूळचा कापसाचा, म्हणजे एका अर्थी आमच्याच जिव्हाळ्याचा. न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेनं मुंबईला यायचा, त्यावर पैजा लागायच्या. ओपन-क्लोज हे शब्द तिथलेच. १९६०च्या सुमारास ते बंद झालं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, आणि पुढे रतन खत्रींच्या काळात पत्ते. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा आकडा घ्यायचा. भाव होता तोवर निदान पीकपाणी, मागणी, असं काही कळण्यासारखं होतं. पत्त्यांत कळण्यासारखं काहीच उरलं नाही. माझ्या मते बाबाची गरज तिथूनच लागली.

भेंडवळची घटमांडणी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळं किती भिजली, धान्य कसं विखुरलं, यावरून वर्षाचं भाकीत. पाऊस कुठे कमी, कुठे जास्त. आता पाऊस कुठे कमी आणि कुठे जास्त नसतो हो? पण दर्यापूरकडच्या माझ्या आतेभावाला त्यात दरवर्षी स्वतःचंच शेत ऐकू येतं. त्याला मी हसत नाही. पेरणीच्या तोंडावर हातात काहीच नसताना माणूस काय ऐकेल, सांगता येत नाही.

अमेरिकेतही २०१७ पासून 'क्यू' नावाचा कुणी निनावी इसम इंटरनेटवर तुटक कोडी टाकू लागला आणि लाखो लोक ती सोडवत बसले. २० जानेवारी २०२१ला, बायडन यांच्या शपथविधीच्या दिवशी, मोठी धरपकड होणार म्हणे. झाली नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये शेकडो जण डॅलसला जमले, १९९९ साली विमान अपघातात गेलेला केनेडींचा मुलगा परत येणार म्हणून. तो आला नाही, तरी काही जण तिथे मुक्काम ठोकून राहिले. मी ती बातमी वाचली आणि मला जिनची भिंत दिसली. आपल्यालेच समजलं नाही, इंग्रजीत.

मामाच्या त्या पायी मामीच्या पाटल्या गेल्या, मग प्लॉट गेला. तो वारल्यावर ट्रंकेत एक वही निघाली. तीन रकाने: तारीख, बाबानं काय केलं, काय आलं. शेजारी लाल शाईत, काय समजायला हवं होतं ते. सगळं व्यवस्थित, शिस्तीत. पानं चाळताना 'दोनदा खाकरला' सापडलं. पुढे लाल शाईत 'चौका' आणि कंसात, 'पोराचं ऐकलं'.

तर त्या दिव्यांच्या रात्री मी मामीला फोन केला. मेसेज तिलाही आला होता. मी म्हटलं, मामी, बेरीज तर नऊच येते हो.

"येते ना," मामी म्हणाली. "तुह्या मामानं नवावरच लावले असते बाप्पा. अन् आला असता चौका."