बिनसाखरेचं घट्ट दूध



ईद जवळ आली की किराणा दुकानात कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यांचा मनोरा दिसू लागतो. आपणही दोन-चार डबे उचलतो. शीरखुर्म्यात घातलं की दूध आटवत बसायचा त्रास वाचतो. पण ज्यांच्या घरी कुणाला शुगर आहे त्यांनी डब्यावरचा तक्ता एकदा चष्मा लावून वाचावा. शंभर ग्रॅममध्ये साधारण ५५ ग्रॅम साखर! म्हणजे चारशे ग्रॅमचा डबा ओतला की पातेल्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर गेली.

एवढी साखर निव्वळ गोडीसाठी नसते. १८५६ साली अमेरिकेत गेल बॉर्डनने दूध आटवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते. दूध नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घालत, लोणच्यात मीठ घालतो तसं. आपल्याला चार दिवसांपुरतंच हवं असेल, तर त्या साखरेची गरज नाही.

हा विचार करूनच मी मागच्या ईदेला घरी दूध आटवलं, आणि तिथंच चुकले. दोन लिटर म्हशीचं दूध, तासाभराची मेहनत, साखरेऐवजी बाजारातली बिनसाखरेची पूड. शेवया, खारीक, चारोळी सगळं नेहमीसारखं. आणि मोठ्या तोऱ्यात सासूबाईंना म्हणाले, "अम्मी, यंदा बिनसाखरेचं आहे, पोटभर खा." अम्मींना पंधरा वर्षांची शुगर. दर ईदेला दोन चमचे चाखून वाटी सरकवणाऱ्या अम्मींनी त्या दिवशी तीन वाट्या खाल्ल्या. त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं. दोन तासांनी मुलांच्या अब्बांनी मशीन लावलं, तर आकडा २९४. कुणी मला काही बोललं नाही. अम्मी तर उलट माझीच समजूत काढत होत्या.

हिशेब मी नंतर केला, जो आधी करायला हवा होता. दुधाची स्वतःची एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. एक लिटर दुधात ती जवळजवळ ४८ ते ५० ग्रॅम असते. दूध आटतं तेव्हा पाणी उडतं, लॅक्टोज पातेल्यातच राहतं. वर शेवया म्हणजे मैदा किंवा रवा. आणि एका खारकेत पाच-सहा ग्रॅम साखर. मी वरून घातलेली साखर तेवढी काढली होती, बाकी सगळं तसंच होतं. तीन वाट्यांत काय काय गेलं ते सांगायला नको.

तेव्हापासून मी दोन प्रकारे करते.

पहिला साधा. एक लिटर मलईदार दूध जाड बुडाच्या पसरट पातेल्यात घ्या. चिमूटभर खायचा सोडा घाला, दूध फाटत नाही. आच मंद. कडेची साय पुन्हा दुधात ढकलत राहा. पाऊण ते एक तासात दूध साडेतीनशे मिलीपर्यंत येतं. गॅस बंद करून मगच गोडीची पूड घाला. कोमट झालं की मिक्सरमधून फिरवा, म्हणजे सायीच्या गुठळ्या मोडतात. यातल्या दोन मोठ्या चमच्यांत साधारण चार ग्रॅम लॅक्टोज. तेवढ्याच डब्यातल्या दुधात २० ग्रॅमच्या वर साखर. फरक मोठा आहे, पण शून्य नाही.

दुसऱ्यात कर्ब आणखी कमी, कारण घट्टपणा आटवून नाही तर स्निग्धांशाने येतो. एक वाटी, म्हणजे दोनशे मिली दूध आटवून निम्मं करा. त्यात दोनशे मिलीचं फ्रेश क्रीमचं पाकीट आणि चमचाभर बिनमिठाचं लोणी घाला. आता खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर तूप सुटतं. कडेला बुडबुडे दिसतील एवढ्याच आचेवर दहा मिनिटं हलवत राहा. गरम असताना पातळ वाटेल, घाबरू नका, फ्रिजमध्ये गेलं की चमच्याला चिकटेल असं होतं. यात दोन चमच्यांना दोनेक ग्रॅमच कर्ब. मात्र ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच खावं, कारण साखर काढून आपण इथे मलई वाढवली आहे.

आता गोडीचं. एरिथ्रिटॉल साखरेसारखं दिसतं, गोडी साखरेच्या सत्तर टक्के. थंड झाल्यावर त्याचे खडे बनतात आणि दूध कचकचतं. म्हणून आधी मिक्सरमध्ये पीठ करून घ्या, आणि कमीच घाला. उरलेली गोडी स्टीव्हियाच्या दोन-तीन थेंबांनी आणा. स्टीव्हिया जास्त झालं की मागून कडवट लागतं. एरिथ्रिटॉल जास्त झालं तर पोट फुगतं. अस्पार्टेमच्या गोळ्या दुधाबरोबर उकळू नका, उष्णतेनं त्यांची गोडी जाते. पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिन किंवा माल्टिटॉल लिहिलं असेल तर पाकीट परत ठेवा, दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. आणि "गुळाचं आहे, मधाचं आहे, चालतं" असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा द्या आणि विषय बदला.

दोन्ही दुधं काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, चार दिवस. टिकवणारी साखर यात नाही हे विसरू नका.

एक महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर एकदम कर्ब कमी केल्यानं शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. जेवणात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

शाळेत उर्दूच्या तासाला दरवर्षी एखादं पोर 'शेरखुर्मा' वाचतं आणि वर्ग हसतो. 'शीर' म्हणजे दूध आणि 'शेर' म्हणजे वाघसिंहातला, दोन्ही उर्दूत एकसारखेच लिहितात. आणि खुर्मा म्हणजे खजूर. म्हणजे या पदार्थाच्या नावातच दूध आणि खजूर आहे, शेवयांचा उल्लेखही नाही. अम्मींच्या वाटीत मी आता शेवया चमचाभरच घालते आणि बदाम, पिस्ते, चारोळी तुपात परतून भरपूर.

गेल्या जुम्म्याला तालीम म्हणून दुसऱ्या प्रकारचं दूध करून पाहिलं. अर्धी वाटी, मोजून. दोन तासांनी मशीनवर १६१. अम्मींनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शीर तो है बेटा, खुर्मा किदर है?"

ईदेला त्यांच्या वाटीत अर्धी खारीक असेल, बारीक चिरून. चार ठिकाणी लागली पाहिजे.