चार टक्क्यांचा हक्क

केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघुउद्योगांना द्यायचा आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. ‘उद्यम’ नोंदणी हे या दाराचे प्रवेशपत्र. त्यामुळे निविदेचे कागद मोफत मिळतात आणि बयाणा रक्कम माफ होते. भोसरीतल्या दोन लेथच्या वर्कशॉपला ही माफी मोलाची आहे. खेळते भांडवल बयाण्यात अडकले, तर पोलाद आणायचे कशाने?

पण प्रमाणपत्र म्हणजे काम नव्हे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक निविदेत उतरले नाहीत वा अटींत बसले नाहीत, तर त्यांचा वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढण्याची मुभा याच धोरणात आहे. ही पळवाट बुजवायला हवी. प्रत्येक उपक्रमाने चार टक्क्यांचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करावा, उलाढाल व पूर्वानुभवाच्या अटी खरोखर शिथिल कराव्यात आणि कायद्याने घातलेली ४५ दिवसांची मुदत पाळून बिले चुकती करावीत. हक्क कागदावर देऊन भागत नाही. तो ऑर्डरमध्ये उतरला पाहिजे.