'डोन्ट स्टॉप मी नाऊ' आणि पाचगणीचा पियानो

१/
बोरिवलीहून अंधेरीकडे येणाऱ्या पश्चिम द्रुतगती महामार्गावर सकाळी गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि एखाद्या गाडीत क्वीन या बँडचे 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' वाजत असते. गाणे न थांबण्याचे, गाडी मात्र क्षणोक्षणी थांबणारी. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतो, "फ्रेडी मर्क्युरी मूळचा आपलाच, पाचगणीचा!" हे विधान अर्धेच खरे आहे. कोणते अर्धे, हे तपासण्यासारखे आहे.

२/
आधी गाणे. ते फ्रेडीनेच लिहिले. १९७८ च्या 'जॅझ' या अल्बममध्ये ते आले आणि जानेवारी १९७९ मध्ये स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले. ब्रिटनमध्ये ते नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले; अमेरिकेत फारसे चालले नाही. पुढे काळाने त्याला न्याय दिला. २००५ मध्ये बीबीसीच्या 'टॉप गिअर' या मोटारविषयक कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी गाडी चालवताना ऐकण्याचे सर्वोत्तम गाणे म्हणून त्याचीच निवड केली.

३/
या गाण्याची घडण विलक्षण आहे. वेगाचे रॉक गाणे म्हटले की गिटारचा गडगडाट अपेक्षित असतो. क्वीनकडे ब्रायन मेसारखा असामान्य गिटारवादक होता. तरीही इथे गिटार मुख्यतः मधल्या एकल तुकड्यापुरतीच ठळकपणे येते. आरंभी संथ पियानो आणि आवाज. मग जॉन डीकनचा बास आणि रॉजर टेलरचे ड्रम्स त्यांना येऊन मिळतात. गाण्याचे इंजिन पियानो आहे, आणि तो वाजवणारा स्वतः फ्रेडी.

४/
हा पियानोवादक घडला कुठे? फारोख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये, एका पारशी कुटुंबात झाला. वडील ब्रिटिश वसाहत सरकारच्या नोकरीत होते. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास मुलाची रवानगी पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत झाली. मुंबईहून पुण्याला जाणारा लोहमार्ग घाटकोपर, मुलुंड मागे टाकून बोरघाट चढतो. पुढे वाईहून पसरणीचा घाट पाचगणीला नेतो. आईवडील समुद्रापलीकडे आणि मूल सह्याद्रीच्या माथ्यावर, असे ते बालपण होते.

५/
'फ्रेडी' हे नाव त्याला याच शाळेतल्या मित्रांनी दिले. पियानोचे पद्धतशीर शिक्षणही त्याने शालेय वयातच घेतले. १९५८ मध्ये पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले वाजवत. गंमत अशी की, पुढे जगातल्या थोर गायकांत गणला गेलेला हा मुलगा तिथे मुख्य गायक नव्हता. तो पियानोवर बसत असे.

६/
१९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि त्याच वर्षी बलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठले. १९७० मध्ये क्वीनची स्थापना झाली. पुढे मुलाखतींत फ्रेडी बालपणाविषयी फारसे बोलत नसे. २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' या चित्रपटानेही पाचगणीची वर्षे दोन-चार उल्लेखांत उरकली.

७/
येथे दोन चुका समोरासमोर उभ्या राहतात. पहिली पाश्चात्त्यांची: जणू हा कलावंत थेट लंडनमध्येच अवतरला. दुसरी आपली: जणू त्याचे यश महाराष्ट्राच्या मातीचा चमत्कार आहे. घराण्याची मुळे गुजरातच्या वलसाडची, जन्म आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, शिक्षण इंग्रजी. हिंदी महासागरावर पसरलेल्या पारशी स्थलांतराची ही कहाणी कोणत्याही एका प्रांताच्या सातबाऱ्यावर चढवता येत नाही.

८/
मग आपला हक्क कशावर? रक्तावर नाही, भूमीवर नाही. एका संस्थेवर आहे. डोंगरातल्या त्या शाळेत पियानो होता, शिकण्याची सोय होती आणि पोरांच्या बँडला वाव होता. अर्थात, पाचगणीत पियानो शिकलेली इतर असंख्य मुले फ्रेडी झाली नाहीत. संस्था प्रतिभा निर्माण करत नाही. ती प्रतिभेच्या हाताशी वाद्य ठेवते. इतिहासाने एवढेच म्हणावे, पण एवढे निश्चित म्हणावे.

९/
या अभिमानाची एक परीक्षाही आहे. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला. गिटारवर महेश टिनईकर, पुढे गायक म्हणून उदय बेनेगल. स्वतःची इंग्रजी गाणी रचून त्यांनी देशभर श्रोते मिळवले आणि १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. ही माणसे इथेच घडली, इथेच नावारूपाला आली. फ्रेडीला 'आपला' म्हणणाऱ्या किती जणांना यांचे एक तरी गाणे आठवते? बाहेर मोठा झालेलाच आपला वाटत असेल, तर ते इतिहासाचे प्रेम नव्हे. ती परक्याच्या शिक्क्याची हौस आहे.

१०/
२४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये फ्रेडी गेला. अंत्यसंस्कार पारशी धर्मविधींनुसार झाले. ज्या वारशाविषयी तो आयुष्यभर मितभाषी राहिला, त्याच वारशाने त्याला निरोप दिला. तेव्हा महामार्गावरच्या त्या गाडीत पुन्हा कोणी "आपलाच" म्हणाला, तर वाद घालण्याचे कारण नाही. गिटार येण्यापूर्वीचा पियानो नीट ऐक, एवढे त्याला सांगावे. आपला सांगण्याजोगा वाटा तिथे आहे.